नंदनवनच्या अभ्यासिकेतलं ब्लॉकिंग: स्टॅटिक कुठे, डायनॅमिक कुठे

नागपुरात नंदनवन, मेडिकल चौक, महाल या पट्ट्यात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, त्यातल्या नंदनवनमधल्या एका अभ्यासिकेच्या कॉम्प्युटरांचं हे प्रकरण. विषय ब्राउझरमधल्या, जाहिराती आणि पाळत थांबवणाऱ्या ब्लॉकरचा, म्हणजे यूब्लॉक ओरिजिनचा, आणि त्यातल्या दोन पद्धतींचा, स्टॅटिक फिल्टरिंग आणि डायनॅमिक फिल्टरिंग. हा विषय निघाला की लोक लगेच विचारतात, दोन्हीतलं कडक कुठलं? माझं म्हणणं असं की कडक-नरम नंतर बघा, आधी हे बघा की साइट अडकली तेव्हा त्या खुर्चीवर कोण बसलेलं असेल आणि त्याच्याकडे किती वेळ असेल. या प्रकरणात ते इतकं स्पष्ट दिसलं की सगळं लिहून ठेवतोय, कारण अशा अभ्यासिका आणि फॉर्म भरून द्यायची दुकानं आपल्याकडे ढिगाने आहेत आणि अडचण सगळीकडे साधारण हीच येते.

जागा आणि मशिनी

वर हॉल, खाली काउंटर. हॉलमध्ये भिंतीला लागून काही जुने डेस्कटॉप आहेत, चार जीबी रॅमचे, त्यावर बसणारे पोट्टे-पोट्ट्या एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, बँकिंग असं काही ना काही करणारे. ते तिथे वर्तमानपत्रं वाचतात, जुन्या प्रश्नपत्रिका शोधतात, करंट अफेअर्सचे व्हिडिओ बघतात. काउंटरवर मशीन एकच, तिथे काकू बसतात, त्या फॉर्म भरून देतात, फी भरतात, हॉलतिकीट काढून देतात, आणि शेवटच्या तारखेला काउंटरपासून जिन्यापर्यंत लाइन लागते.

आधी सगळीकडे क्रोम होतं आणि ब्लॉकर कुठेच नव्हता. त्रास मुख्य हॉलचा होता. प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ देणाऱ्या ज्या फुकट साइट असतात त्यावर डाउनलोड लिहिलेली मोठी हिरवी बटणं तीन-चार असतात, खरी लिंक कुठेतरी खाली बारीक अक्षरात. चुकीचं बटण दाबलं की नवीन टॅब, त्यात 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा', आणि पोरगं अलाऊ दाबतं, ते खरं म्हणजे नोटिफिकेशनची परवानगी देऊन बसतं. मग दुसऱ्या दिवशी त्या मशीनवर जो बसेल त्याला कोपऱ्यातून 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असे डबे वर येत राहतात. जुन्या मशिनी, त्यात वर्तमानपत्राच्या एका पानावर जाहिरातीच्या इतक्या स्क्रिप्टा, म्हणजे पानात चालणारे छोटे प्रोग्राम, की स्क्रोल करतानाच ब्राउझर अडकायचा.

अभ्यासिकेतच शिकलेल्या एका पोराने हे मनावर घेतलं. त्याने सगळ्या मशिनींवर फायरफॉक्स टाकला, यूब्लॉक ओरिजिन टाकलं, आणि सगळीकडे मीडियम मोड, म्हणजे त्याची एक कडक मांडणी, लावला. काम मन लावून केलेलं होतं, हे मशिनी बघतानाच कळत होतं. मग त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला. त्यानंतर काही दिवसांनी काकूंचा मला फोन, "अरे दादा, येऊन जा बाप्पा एकदा, पैसे भरायला घेतलं की गोल गोल फिरून रायलं नुसतं, आणि उद्या लास्ट डेट हाय."

आधी दोन्ही पद्धती नीट समजून घेऊ

स्टॅटिक म्हणजे लिस्ट. ही लिस्ट तुम्ही लिहीत नाही, दुसरं कोणीतरी लिहितं, रोज सुधारतं आणि तुमचा ब्लॉकर ती आपोआप आणतो. सगळ्यात जुनी आणि मोठी ईझीलिस्ट, ती २००५ मध्ये रिक पेटनेल यांनी सुरू केली, नंतर पाळत आणि मोजणीच्या स्क्रिप्टांसाठी ईझीप्रायव्हसी आली, जाहिरातीच्या सर्व्हरांची पीटर लो यांची लिस्ट आहे, आणि यूब्लॉकच्या स्वतःच्या लिस्टा आहेत. एक्स्टेन्शन टाकल्या टाकल्या या चालू असतात, तुम्हाला काहीही करावं लागत नाही.

लिस्टमधली एक ओळ जवळून बघा. सुरुवातीला दोन उभ्या रेघा, मग डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, नाव, मग टोपीसारखं एक चिन्ह, याचा अर्थ हे डोमेन आणि त्याची सगळी सबडोमेनं बंद. त्यापुढे डॉलरचं चिन्ह टाकून अटी लिहिता येतात, फक्त स्क्रिप्ट असेल तर, फक्त दुसऱ्याच्या साइटवर आली असेल तर, फक्त पॉपअप म्हणून उघडत असेल तर. ओळीच्या सुरुवातीला ॲटचं चिन्ह दोनदा आलं तर ती सूट. आणि दोन हॅश असतील तर ती ओळ नेटवर्कची नसतेच, ती पानावरचा एखादा डबा लपवायला असते. म्हणजे स्टॅटिकमध्ये बारकावा खूप आहे. अमुक साइटवरची अमुक स्क्रिप्ट थांबवा पण शेजारची चालू द्या, असं इतक्या बारीक पातळीवर कोणीतरी बसून ठरवलेलं असतं आणि त्या माणसाने ती साइट उघडून बघितलेली असते. बाकीचं पान चालावं म्हणून मुद्दाम सूट दिलेली असते. ही फुकट मिळणारी मेहनत आहे आणि तिची किंमत लोक कमी धरतात असं मला नेहमी वाटतं.

डायनॅमिक वेगळं. त्याला चांगलं-वाईट माहीतच नाही. त्याला एवढंच कळतं की तुम्ही कुठल्या साइटवर आहात, रिक्वेस्ट, म्हणजे पानाने केलेली फाइलची मागणी, कुठल्या डोमेनकडे चालली आहे, आणि ती स्क्रिप्ट आहे, फ्रेम म्हणजे पानात बसवलेलं दुसरं पान आहे, चित्र आहे की काय. रूल चार शब्दांचा असतो: कुठल्या साइटवर, कुठल्या डोमेनकडे, कुठला प्रकार, आणि काय करायचं. काय करायचं याला तीनच उत्तरं आहेत, ब्लॉक म्हणजे लाल, अलाऊ म्हणजे हिरवं, आणि नूप म्हणजे राखाडी, यात डायनॅमिक स्वतः काही ठरवत नाही, लिस्टवर सोडतो. हे सगळं वापरायला सेटिंगमध्ये 'मी ॲडव्हान्स्ड यूजर आहे' यावर टिक करावी लागते, मग पॅनलमध्ये डोमेनांची यादी उघडते आणि प्रत्येकापुढे दोन कप्पे दिसतात, पहिला सगळ्या साइटसाठी, दुसरा फक्त या साइटसाठी. तिथे क्लिक केलेला रूल तात्पुरता असतो, कुलपाच्या चिन्हावर दाबलं तरच पक्का होतो, नाहीतर ब्राउझर बंद केला की गेला.

मीडियम मोड म्हणजे यातलेच दोन रूल: सगळ्या साइटवर थर्ड-पार्टी, म्हणजे त्या साइटच्या नसलेल्या परक्या डोमेनवरून येणारी, स्क्रिप्ट बंद, थर्ड-पार्टी फ्रेम बंद. चित्रं आणि स्टाइलशीट चालू राहतात म्हणून पान बऱ्यापैकी दिसतं तरी. मग जी साइट अडली तिच्यासाठी लागेल तेवढी सूट द्यायची. हे यूब्लॉकचे कर्ते रेमंड हिल यांनीच मांडलेलं आहे. त्यांनी २०१४ मध्ये यूब्लॉक आणलं, त्याच्या आधी एचटीटीपी स्विचबोर्ड नावाचं एक्स्टेन्शन केलं होतं, त्यात असाच डोमेन आणि प्रकारांचा तक्ता होता, तो विचार पुढे इकडे आला.

काकूंनी विचारलं दोन्हीत फरक काय, तर त्यांना कळेल असं सांगितलं, की परीक्षा केंद्राच्या दारावर डिबार केलेल्यांची यादी लावायची आणि बाकी सगळ्यांना सोडायचं हे स्टॅटिक, आणि हॉलतिकीट असेल त्यालाच आत घ्यायचं हे डायनॅमिक. काकू लगेच म्हणाल्या, "मंग हॉलतिकीट वाटायला कोणी बसलेलं पाहिजे ना तिथं." नेमकं तेच. अभ्यासिकेत हॉलतिकीट वाटणारा पुण्याला गेला होता.

काउंटरवर काय अडत होतं

फॉर्म भरायची साइट उघडत होती, माहिती भरता येत होती, फोटो-सही अपलोड होत होती. फी भरा दाबलं की चक्र. पॅनल उघडून बघितलं तर पेमेंट गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीचं, डोमेन लाल. गेटवेची स्क्रिप्ट दुसऱ्या डोमेनवरून येते, ती थर्ड-पार्टी, म्हणून बंद. त्या साइटपुरतं गेटवेच्या डोमेनला नूप दिलं, पान रिलोड केलं, आता पेमेंटचा डबा उघडला आणि यूपीआयचा क्यूआर कोडही आला. इथे एखादा म्हणेल झालं की काम.

पण ज्याचा फॉर्म होता त्याला वडिलांच्या डेबिट कार्डाने भरायचे होते. कार्ड नंबर टाकला, पुढे ओटीपीचं पान यायला पाहिजे, तिथे पांढरा डबा. कारण ओटीपीचं पान गेटवेचं नसतं, ते कार्ड ज्या बँकेचं आहे तिच्या बाजूने येतं, वेगळ्याच डोमेनवरून, आणि या साइटवर ते फ्रेममध्ये उघडत होतं. फ्रेम थर्ड-पार्टी, म्हणून लाल. आता या एका बँकेच्या डोमेनला नूप देता येतं हो, पण लाइनमध्ये पुढचा उभा आहे त्याचं कार्ड दुसऱ्या बँकेचं, त्याच्या पुढचीचं तिसऱ्या. काउंटरवर उद्या कुठली बँक येईल हे कोणालाच माहीत नसतं. डोमेन-डोमेन करून इथे सूट देताच येत नाही, द्यायची तर त्या साइटवर फ्रेमची अख्खी ओळच मोकळी करावी लागते, म्हणजे फ्रेमपुरता डायनॅमिक तिथे उरतच नाही.

आणखी एक गोष्ट यात लक्षात ठेवण्यासारखी आहे. काही साइटवर पेमेंटला जाताना अख्खं पानच गेटवेकडे वळतं, फ्रेम उघडत नाही. तिथे हा रूल लागत नाही, कारण पूर्ण पान दुसरीकडे गेलं की ते त्याच्या घरचंच झालं, थर्ड-पार्टी राहिलं नाही. म्हणून त्याच मशीनवर एका विभागाचा फॉर्म बिनबोभाट भरला जायचा आणि दुसऱ्या विभागाचा अडायचा, काकूंना वाटायचं नेटचा प्रॉब्लेम आहे, त्या राउटर बंद-चालू करायच्या. वळलेल्या पानावरही पुन्हा सगळा हिशोब नव्याने सुरू होतोच, कारण आता साइट म्हणजे गेटवे आणि बाकीचे सगळे त्याच्यासाठी परके, म्हणजे कधी इथे पास होऊन तिथे अडायचं.

सरकारी साइटचं तर अजून वेगळं आहे. आपल्याला डॉट गव्ह डॉट इन असलेलं सगळं एकाच घरचं वाटतं. ब्लॉकर तसं बघत नाही. कुठलं डोमेन कुणाचं हे ठरवायला ब्राउझर आणि ब्लॉकर पब्लिक सफिक्स लिस्ट नावाची यादी वापरतात, मोझिलाने सुरू केलेली, आणि त्या यादीत गव्ह डॉट इन, निक डॉट इन, एसी डॉट इन हे सगळे डॉट कॉमसारखेच सफिक्स, म्हणजे पत्त्याचं सगळ्यांसाठी सामायिक शेपूट, धरलेले आहेत. त्यामुळे दोन वेगळ्या खात्यांची डोमेनं गव्ह डॉट इनवर असली तरी एकमेकांना थर्ड-पार्टी. एका खात्याच्या पानाने दुसऱ्या खात्याच्या डोमेनवरून काही स्क्रिप्ट किंवा फ्रेम आणली की मीडियम मोडमध्ये ती थांबणार, बरोबर असली तरी थांबणार. आणि स्टॅटिक लिस्टमध्ये असल्या गोष्टीची ओळ नसते, कारण ती जाहिरात नाही, म्हणून तिथे ती सहज जाते.

मशीन जे करत होतं ते रूलप्रमाणे बरोबरच होतं. पण ज्या मुलाची शेवटची तारीख आहे, ज्याने वर्षभर अभ्यास केलाय, त्याच्या फॉर्मच्या आणि फीच्या मधे आपण बसवलेला ब्लॉकर उभा राहतो, हे मला सहन होण्यासारखं वाटत नाही. तो पोरगा त्या दिवशी काउंटरला टेकून उभा होता आणि सारखं एकच विचारत होता, "पैसे कटले का दादा, का नाही कटले?" पैसे कटलेले नव्हते, ओटीपीच गेला नव्हता तर कटणार कसे, पण पांढऱ्या डब्याकडे बघून त्याला ते कळणार कुठून.

काउंटरच्या मशीनवरून मीडियम मोडचे दोन्ही ग्लोबल, म्हणजे सगळ्या साइटवरचे, रूल काढून टाकले, स्टॅटिक लिस्टा तशाच ठेवल्या, ॲडव्हान्स्ड यूजरची टिक काढली. टिक काढली की ती डोमेनांची यादी पॅनलमधून जाते, काकूंना फक्त मोठं पॉवरचं बटण दिसतं, आणि एखादी साइट तरीही अडली तर ते एकदा दाबून रिलोड करायचं एवढंच त्यांना सांगितलं. फॉर्म त्या संध्याकाळी भरला गेला.

हॉलमध्ये मात्र वेगळंच निघालं

हॉलमधल्या तक्रारी दोन टोकांच्या होत्या. एकीकडे "काल चालू होतं, आज काऊन नाही चालून रायलं", आणि दुसरीकडे काही मशिनींवर जाहिराती चक्क दिसत होत्या, मीडियम मोड असून. हे दुसरं मला जास्त खटकलं. इतके कडक रूल लावल्यावर जाहिरात दिसायचं कारण काय?

कारणं दोन निघाली. पहिलं अगदी साधं. पोट्टे आपलं जीमेल वगैरे उघडायला प्रायव्हेट विंडो वापरतात, शेअर्ड मशीनवर ते बरोबरही आहे, आणि मग बाकीचं सर्फिंगही त्याच विंडोत करतात. फायरफॉक्समध्ये २०१९ पासून नवीन टाकलेलं एक्स्टेन्शन प्रायव्हेट विंडोमध्ये आपोआप चालत नाही, त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते. काही मशिनींवर ती दिलेली होती, काहींवर राहून गेली होती. जिथे नव्हती तिथे स्टॅटिकही नाही आणि डायनॅमिकही नाही, उघडं मैदान.

दुसरं कारण महत्त्वाचं आहे. 'माय रूल्स' टॅब उघडला, डावीकडे पक्के रूल, उजवीकडे तात्पुरते. डावीकडे बऱ्याच ओळींच्या शेवटी नूप होतं, पण काही ओळींच्या शेवटी अलाऊ. त्यात एक ओळ सगळ्या साइटवर गूगल डॉट कॉमला अलाऊ अशी होती. ती का टाकली असेल ते कळतं. मीडियम मोडमध्ये रीकॅप्चा, म्हणजे तुम्ही माणूस आहात का ते तपासणारा डबा, अडतो, कारण त्याची स्क्रिप्ट आणि फ्रेम गूगल डॉट कॉमवरून येते आणि काही भाग जीस्टॅटिक डॉट कॉमवरून, म्हणून मोकळं केलं, कॅप्चा आला, काम झालं.

पण अलाऊ आणि नूप यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. यूब्लॉक आधी डायनॅमिक रूल बघतो. लाल असेल तर रिक्वेस्ट तिथेच संपली. हिरवं असेल तरी तिथेच संपलं, रिक्वेस्ट गेली, स्टॅटिक लिस्टला विचारलंच जात नाही. फक्त राखाडी असेल तर डायनॅमिक बाजूला होतो आणि म्हणतो, आता लिस्ट काय म्हणते ते बघा. म्हणजे अलाऊ दिलं की ईझीलिस्ट आणि ईझीप्रायव्हसीत त्या डोमेनबद्दल जे काही बारीक लिहून ठेवलंय ते सगळं त्या एका शब्दाने रद्द. गूगल डॉट कॉमवरून कॅप्चाही येतो आणि जाहिरातींच्या मोजणीच्या रिक्वेस्टही जातात, लिस्टा पत्ता बघून वेगळं करतात, हे सोडायचं, ते थांबवायचं. अलाऊने दोन्ही सुटतात, सबडोमेनांसकट. सीडीएनच्या, म्हणजे अनेक साइटना फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरांच्या, दोन डोमेनांनाही असंच अलाऊ होतं. लॉगर, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टचं काय झालं ते दाखवणारी यूब्लॉकची खिडकी, उघडून एका वर्तमानपत्राचं पान रिलोड केलं तर ओळी धडाधड हिरव्या येत होत्या आणि शेजारी कारण म्हणून तोच रूल लिहिलेला दिसत होता. हिरवी ओळ बघायला छान वाटते, इथे तिचा अर्थ होता की लिस्टला कोणी विचारलंच नाही.

त्या ओळींमधला अलाऊ खोडून नूप लिहिलं, कमिट केलं, पुन्हा लॉगर बघितला. कॅप्चा तसाच चालू, मोजणीच्या रिक्वेस्टा लाल. एवढ्या एका शब्दाने. डायनॅमिक वापरणाऱ्याला मी एकच गोष्ट सांगायची ठरवली तर हीच सांगेन, सूट द्यायची तर राखाडी द्या, हिरव्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

आता हॉलला पूर्ण मीडियम मोड ठेवायचा का? मला वाटलं नाही. तिथे बसणारं रोज वेगळं, साइट वेगळी, आणि स्क्रिप्ट बंद केली की अडणाऱ्या साइट खूप. कित्येक साइट जेक्वेरीसारख्या तयार स्क्रिप्टा सीडीएनवरून घेतात, काही मोठी वर्तमानपत्रं स्वतःच्याच फाइली वेगळ्या नावाच्या डोमेनवर ठेवतात, ती माणसाला एकाच घरची दिसतात, ब्लॉकरला परकी. मेनू उघडत नाही, फोटो येत नाहीत, आणि पोरगं काय करतं तर मोठं पॉवरचं बटण दाबून त्या साइटवर ब्लॉकरच बंद करून टाकतं, आणि ते बंदपण तसंच साठवलं जातं. पक्क्या रूलच्या शेजारच्या टॅबमध्ये भरवशाच्या साइटची जी यादी असते तिथे अशी बरीच नावं जमलेली सापडली, त्यात दोन त्याच पीडीएफच्या साइट. म्हणजे ज्या जागेसाठी एवढं सगळं केलं तिथेच ब्लॉकर पूर्ण बंद.

म्हणून हॉलचं असं केलं. स्टॅटिक लिस्टा पूर्ण, वर कुकी-नोटीस आणि तसल्या कटकटीच्या लिस्टा ज्या आपोआप चालू नसतात त्या चालू केल्या. ग्लोबल स्क्रिप्टचा रूल काढला. ग्लोबल फ्रेमचा रूल ठेवला, कारण वाचायच्या पानावर परक्या फ्रेमचं काम क्वचित पडतं आणि जाहिरातीचा वाईट माल बऱ्याचदा फ्रेममधूनच येतो. त्याला नूपची थोडी सूट, यूट्यूब आणि यूट्यूब-नोकुकी, कारण कोचिंगवाले व्हिडिओ पानातच बसवतात, मग गूगल आणि जीस्टॅटिक कॅप्चासाठी, एचकॅप्चा, आणि क्लाउडफ्लेअरच्या चॅलेंजचं सबडोमेन. आणि ज्या पीडीएफच्या साइटवर पोट्टे रोज जातात, त्यांच्यावर दुसऱ्या कप्प्यातून, म्हणजे फक्त त्या साइटपुरतं, थर्ड-पार्टी सगळंच बंद.

या शेवटच्या ठिकाणी डायनॅमिक मनापासून आवडतो. असल्या साइटवर जाहिरात देणारी डोमेनं सारखी बदलतात, अर्थ नसलेली अक्षरं जोडून केलेली नावं असतात, आज एक उद्या दुसरं. लिस्ट लिहिणारे त्यांच्या मागे धावतात, पकडतात, तोवर नवीन आलेलं असतं. डायनॅमिकला नावाशी घेणंदेणं नाही. परकं आहे ना, मग नाही. पीडीएफ साइटच्या स्वतःच्या डोमेनवर आहे, ती डाउनलोड होते, बाकी काहीच लोड होत नाही, पान ओकंबोकं दिसतं पण कामाचं तेवढं सगळं तिथे असतं.

तरीही दोन गोष्टी डायनॅमिकच्या हाताबाहेरच्या. पानावरचं खोटं बटण जर साइटने स्वतःच लावलेलं साधं चित्र आणि लिंक असेल, तर ती फर्स्ट-पार्टी, ती दिसणारच. तिथे दोन हॅशवाली स्टॅटिक ओळच लागते, एका साइटवरची तशी दोन बटणं एलिमेंट पिकरने निवडून लपवली, म्हणजे माझी स्वतःची छोटी स्टॅटिक लिस्टच झाली ती. आणि ब्लॉकर दिसला की पान झाकून टाकणाऱ्या साइट, त्यांचा बंदोबस्त यूब्लॉकच्या लिस्टमधल्या छोट्या स्क्रिप्टा करतात, त्या पानात शिरून तो तपासच निकामी करतात. लाल-हिरव्या कप्प्यांनी हे होत नाही. नोटिफिकेशनचा त्रास तर ब्लॉकरवर सोडलाच नाही, फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये नवीन साइटनी परवानगी मागणंच बंद करून टाकलं.

सगळं एका मशीनवर नीट झाल्यावर यूब्लॉकच्या सेटिंगमधून बॅकअप फाइल काढली आणि बाकी हॉलच्या मशिनींवर तीच रिस्टोअर केली. रिस्टोअर केलं की आधीचं सगळं जाऊन फाइलमधलं येतं, त्यामुळे जुने अलाऊ आणि ती भरवशाच्या साइटची यादी एका फटक्यात साफ. मात्र प्रायव्हेट विंडोची परवानगी त्या फाइलमध्ये नसते, ती फायरफॉक्सची गोष्ट आहे, ती प्रत्येक मशीनवर हाताने द्यावी लागते. पॅनलमधला डोमेनांचा भाग मिटून ठेवला. कोणी उघडून चाळे केलेच तर कुलूप न दाबल्यामुळे रात्री मशीन बंद झालं की जातात. आणि फी भरायची असेल तर काउंटरवर या, हॉलमधून भरू नका, अशी चिठ्ठी काकूंनी स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीला लावली.

एक मशीन कोपऱ्यात पूर्ण मीडियम मोडवर ठेवलंय. आयटी ऑफिसरची तयारी करणारी एक मुलगी म्हणाली मला हे शिकायचंय. तिला लॉगर दाखवला, लोकल आणि ग्लोबल कप्पा दाखवला, आणि बारीक रूल ढोबळ रूलला कसा मागे टाकतो ते दाखवलं, म्हणजे सगळीकडे थर्ड-पार्टी स्क्रिप्ट बंद असली तरी एका डोमेनचं नाव घेऊन दिलेलं नूप त्याच्या वर चढतं. आता ते मशीन तीच सांभाळते आणि तिथे काही अडलं की तिला आनंद होतो. तिथे डायनॅमिक शोभतं, कारण खुर्चीवर बसणारं माणूस तेच आहे आणि त्याला घाई नाही.

त्यानंतर पोट्ट्यांचे प्रश्न आले, आमच्या लॅपटॉपवर क्रोम आहे, तिथे हेच लावून द्या. तिथे होत नाही. क्रोमने २०२४ पासून मॅनिफेस्ट व्ही२ या जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं बंद करायला घेतली आणि २०२५ मध्ये ती पूर्ण गेली. त्यावर आता यूब्लॉक ओरिजिन लाइट चालतं, त्यात रूल आधीच ब्राउझरच्या हवाली करावे लागतात आणि रिक्वेस्ट आली की निर्णय ब्राउझर घेतो, एक्स्टेन्शन मधे बसून बघत नाही. स्टॅटिक लिस्टांचं काम त्यात बऱ्यापैकी होतं, पण हा लाल-राखाडी कप्प्यांचा तक्ता त्यात नाही. ज्याला तो हवा त्याने फायरफॉक्स घ्यावा, तिथे जुनी पद्धत चालू आहे, अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवर सुद्धा पूर्ण यूब्लॉक ओरिजिन टाकता येतं. फोनवर टाकून मागणारे बरेच आहेत, टाकून देतो, पण तिथे फक्त स्टॅटिकच ठेवून देतो, कारण मेसचे पैसे, फॉर्मची फी, घरून आलेले पैसे, सगळं त्याच एका फोनवरून होतं आणि अडलं तर विचारायला शेजारी कोणी नसतं.